ॲड्रिनलची गाठ आणि सोनोग्राफी: या चुका टाळा

सोनोग्राफीला उपाशीपोटी बोलावलेलं असतं आणि माणूस टिळक रोडवर अमृततुल्यचा चहा मारून येतो. “चहाच तर घेतला!” हे पुणेरी उत्तर ठरलेलं. ॲड्रिनल नीट बघायची असेल तर रिकामं पोट बरं, कारण मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली, हार्मोन बनवणारी ही ग्रंथी मुळात चिमुकली. उजवी यकृताच्या आडून बऱ्यापैकी दिसते. पंचाईत डावीची. समोर जठर आणि आतड्यातला गॅस, आणि गॅसपुढे सोनोग्राफीच्या ध्वनिलहरींचं काही चालत नाही. म्हणून कुशीवर वळा, श्वास धरा असं सांगतात. वैतागू नका, वळा.

सगळ्यात सर्रास चूक म्हणजे “सोनोग्राफी नॉर्मल, म्हणजे ॲड्रिनल ठणठणीत” असं धरून चालणं. सेंटीमीटरभराची गाठ सोनोग्राफीत सहज निसटते. बीपी तीन-तीन गोळ्यांनाही दाद देत नसेल, पोटॅशियम कमी येत असेल, तर हार्मोनच्या तपासण्या आणि सीटी लागतातच.

उलटंही होतं. ‘डाव्या ॲड्रिनलपाशी गाठ’ असं रिपोर्टमध्ये आलं की घरात रडारड सुरू. ती जोड-प्लीहा (प्लीहेचा छोटा जादा तुकडा) असू शकते, स्वादुपिंडाचं शेपूट असू शकतं, नाहीतर नुसता जठराचा वरचा भाग. पेशंटला पाणी पाजून पुन्हा बघितलं की जठराचं बिंग तिथेच फुटतं.

गाठ पांढरीशुभ्र दिसली म्हणून ‘चरबीचीच’ असा निकाल देऊ नये. आधी डाय न देता साधा सीटी करावा. गाठ एकसारखी आणि 10 हाउन्सफील्ड युनिट (सीटीवर घनता मोजायचं माप) किंवा त्याहून कमी असेल, तर ती बहुधा साधी ॲडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ. 4 सेंटीमीटरच्या पुढे मात्र जास्त सावध राहावं लागतं.

आता खरी जिवावर बेतणारी चूक: घाईघाईने सुई घालून तुकडा काढणं, म्हणजे बायॉप्सी. डोकेदुखी, दरदरून घाम, छातीत धडधड असे झटके येत असतील तर ती फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे ॲड्रेनालिनसारखी हार्मोन्स सोडणारी गाठ, असू शकते. तिला सुई टोचली तर बीपी एकदम आभाळाला भिडतं. झटके नसले तरी ती लपून बसलेली असू शकते. त्यामुळे आधी मेटानेफ्रिनची (या हार्मोन्सपासून बनणाऱ्या द्रव्यांची) रक्त किंवा लघवीची तपासणी, मग सुईचा विचार. बहुतेक गाठींना सुई लागतही नाही. “बायॉप्सी कधी?” असं विचारण्याआधी एंडोक्रायनॉलॉजिस्टची, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांची, वेळ घ्या.

तान्ह्या बाळांचं गणित वेगळं. त्यांची ॲड्रिनल अंगाच्या मानाने मोठी असते, सोनोग्राफीत छान दिसते. तिथली गाठ पुष्कळदा जन्माच्या वेळचा रक्तस्राव असतो आणि तो काही आठवड्यांत आक्रसत जातो. पण न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांमधला एक कॅन्सर, हाही तसाच दिसू शकतो. म्हणून डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफीची तारीख दिली असेल, तर ‘बाळ छान खेळतंय’ म्हणून ती चुकवू नका.