आधी गाव, मग खुनी

माझी नोकरी ऑडिटची. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या व्हाउचरवरच्या तारखा जुळवण्यात गेली. त्यामुळे रहस्यकथा हातात आली की मी वहीत उभ्या रेघा मारून कोण किती वाजता कुठे होतं याचा तक्ता करायचे, आणि तरी माझा खुनी चुकायचा. सासूबाईंचा मात्र दहातून सहा-सात वेळा बरोबर निघायचा, तोही डोळे मिटून. अगदी शब्दशः डोळे मिटून, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना बारीक टाइप नकोसा झाला आणि रोज रात्री मी इंग्रजी पुस्तक हातात धरून त्यांना मराठीत गोष्ट सांगू लागले. याला आता चार वर्षं झाली. पुढे जे लिहिते आहे त्यातलं निम्मं आईंचं आहे.

ज्याला कोझी मिस्टरी म्हणतात त्यात खून होतो, पण पडद्याआड. रक्ताची वर्णनं नाहीत, क्रौर्य नाही. जागा छोटी असते, सगळे एकमेकांना ओळखत असतात आणि तपास करणारा माणूस पोलिसातला नसतो. कुणी निवृत्त म्हातारी, कुणी धर्मगुरू, कुणी लायब्ररी सांभाळणारी. अॅलन ब्रॅडलीच्या 2009 साली सुरू झालेल्या मालिकेत तर अकरा वर्षांची, रसायनशास्त्राचं वेड असलेली मुलगी आहे. हे वाचायला वेगळी तयारी लागत नाही, फक्त वेग कमी करावा लागतो. थ्रिलरची सवय असलेले लोक इथे पहिल्या पन्नास पानांत कंटाळतात. ‘अजून काहीच घडलं नाही’ म्हणून पानं उलटतात आणि नेमकं घडलेलं तेवढं सोडून जातात.

तर पहिलं काम म्हणजे त्या गावात राहायला जायचं. पोस्टात कोण बसतं, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, कुणाच्या घराच्या खिडकीतून कुणाचं फाटक दिसतं, हे सगळं सावकाश घ्या. नावांचा गोंधळ होणारच, विशेषतः परदेशी नावांचा. आईंनी त्यावर सोपा उपाय काढला. त्या नावं लक्षातच ठेवत नाहीत. ‘कुत्रेवाली’, ‘खोकणारा डॉक्टर’, ‘ती उसनं हसणारी’ अशी नावं त्या स्वतःच ठेवतात. मला आधी हसू यायचं. मग लक्षात आलं की टोपणनाव ठेवायचं तर त्या माणसाकडे एकदा नीट बघावं लागतं. तुम्हीही पुस्तकाच्या खुणेवर अशी सात-आठ नावं लिहून ठेवा. ज्याला नाव सुचत नाही, जो नुसताच ‘सभ्य’ वाटतो, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका.

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवायची ती हौशी डिटेक्टिव्हच्या अडचणीची. त्याच्याकडे वॉरंट नाही, प्रयोगशाळा नाही, कुणाला चौकशीला बोलवायचा अधिकार नाही. त्याला फक्त गप्पा मारता येतात. म्हणजे लेखकाला पुरावे पेरायला जागाही गप्पांमध्येच. बागेतली कुरकुर, जुन्या लग्नाची आठवण, हरवलेल्या छत्रीची तक्रार, हे भरताड वाटतं आणि नेमकं त्यातच काहीतरी असतं. अॅगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल 1927 साली एका लघुकथेत पहिल्यांदा आली, 1930 साली तिची पहिली कादंबरी निघाली आणि पुढे एकूण बारा झाल्या. तिची पद्धत सगळीकडे एकच: समोरचा माणूस तिला आपल्या गावातल्या कुणाची तरी आठवण करून देतो. त्या गावातल्या माणसाने केव्हातरी काय लबाडी केली होती, ते तिला माहीत असतं. बस, एवढंच. आई हेच करतात, फक्त त्यांचं गाव म्हणजे आमचे नातेवाईक. एकदा मी एका अतिशय मनमिळाऊ शेजाऱ्याबद्दल सांगत होते, तर म्हणाल्या, ‘अगं, हा सगळ्यांची विचारपूस करतो, पण उत्तर ऐकायला थांबतो का कधी?’ मी मागची पानं काढून पाहिली. खरंच थांबत नव्हता. दीडशे पानांनंतर तोच निघाला.

मग माझ्या वहीचं काय? ती मी टाकली नाही, सुधारली. वेळांचा तक्ता बंद केला, कारण वेळा लेखक हव्या तशा फिरवू शकतो. आता दोनच रकाने आहेत: ‘काय कळलं’ आणि ‘कुणाकडून कळलं’. ऑडिटमध्ये आम्ही मूळ कागद मागतो. कुणी तोंडी सांगितलेला आकडा धरत नाही. रहस्यकथेतही तसंच करून पाहा. ‘ती नऊ वाजता जिवंत होती’ हे लिहिलं की पुढे लिहा, कुणी पाहिलं? पाहिलं की नुसता आवाज ऐकला? पाठमोरी पाहिली का? ‘त्या दोघांचं भांडण होतं’, हे कुणी सांगितलं? पुस्तक अर्धं झालं की दुसऱ्या रकान्यावरून नजर फिरवा. जी गोष्ट सगळे खरी धरून चाललेत पण जी एकाच तोंडातून आली आहे, तिथे पेन्सिलीने खूण करा. या एका सवयीने माझा निकाल बराच सुधारला. आईंच्या जवळपास अजून पोचलेले नाही, ते वेगळं.

वाचताना थांबायचं कुठे हेही ठरवून घ्या. शेवटच्या पाव भागात कुठेतरी डिटेक्टिव्ह एकदम गप्प होतो, किंवा ‘मी किती मूर्ख होते!’ असं काहीतरी पुटपुटतो. तिथे पुस्तक मिटायचं. कितीही जिवावर आलं तरी त्या रात्री पुढे जायचं नाही. तोवर तुम्हाला सगळं मिळालेलं असतं, निदान मिळालेलं असायला हवं. रोनाल्ड नॉक्स या लेखक-धर्मगुरूने 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम घातले, त्यात डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही असा एक आहे. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये डिटेक्शन क्लब स्थापन झाला. त्याच्या सदस्यांना शपथ घ्यावी लागे की आमचे डिटेक्टिव्ह दैवी साक्षात्कार, योगायोग आणि स्त्रियांची अंतःप्रेरणा यांच्या भरवशावर गुन्हा सोडवणार नाहीत. हे आईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ हसल्या. म्हणाल्या, ‘अंतःप्रेरणा कसली, लक्ष असतं आमचं.’

मालिका कोणत्या क्रमाने वाचावी, यावर लोक फार कडक असतात. माझं मत असं: खून प्रत्येक पुस्तकात नवा असतो, पण माणसं पुढे जात असतात. त्यांची लग्नं होतात, भांडणं मिटतात, म्हातारी माणसं जातात. म्हणून शक्यतो प्रकाशनाच्या क्रमाने जावं. पण त्यातही गंमत होते. मिस मार्पलची शेवटची कादंबरी 1976 साली आली, मात्र ख्रिस्तीने ती अनेक वर्षं आधी लिहून ठेवली होती. त्यामुळे 1962 च्या पुस्तकात ज्या कर्नल बँट्रीची बायको विधवा झालेली आहे, तो कर्नल शेवटच्या पुस्तकात खुशाल जिवंत भेटतो. मी सांगण्याच्या ओघात पुढे गेले, आणि अंधारातून आवाज आला, ‘अगं, हे गेले होते ना?’

आणि पहिल्याच पुस्तकावरून मालिकेला नापास करू नका. लिलियन जॅक्सन ब्राउनच्या सयामी मांजरांच्या मालिकेतली पहिली तीन पुस्तकं 1966 ते 1968 या काळात आली आणि चौथं थेट 1986 मध्ये. पत्रकार नायक सुरुवातीला मोठ्या शहरात असतो, दूरच्या निवांत भागात तो जातो ते नंतर. ज्या गावासाठी लोक ही मालिका वाचतात, ते गाव पहिल्या पुस्तकात नाहीच!

वेळ कमी असेल तर चेस्टरटनच्या फादर ब्राउनच्या कथा घ्या, एका बैठकीत एक होते. हसायचं असेल तर एम. सी. बीटनची अॅगाथा रेझिन. 1992 च्या पहिल्या पुस्तकात ती स्पर्धेत विकतचा पदार्थ स्वतःचा म्हणून ठेवते आणि तो खाऊन परीक्षक मरतो. नायिकेची सुरुवातच लबाडीने, म्हणून मला ती आवडते. आईंना नाही आवडत. वय झालेली माणसं बावळट न दाखवलेली हवी असतील तर रिचर्ड ऑस्मनची 2020 पासूनची मालिका, निवृत्तांच्या वसाहतीतल्या चौघांची.

मात्र एकाच लेखकाची तीन पुस्तकं सलग वाचू नका. ही चूक मी केली आहे. तिसऱ्या पुस्तकात खुनी माणसामुळे ओळखू येत नाही, लेखकाच्या सवयीमुळे येतो, आणि ते जिंकणं फार बेचव असतं.

काही गोष्टी सोडूनही द्याव्या लागतात. एवढ्याशा गावात इतके खून कसे, हा प्रश्न विचारायचा नाही. ‘मर्डर, शी रोट’ ही टीव्ही मालिका 1984 पासून 1996 पर्यंत चालली, 264 भाग झाले, आणि तिच्या कॅबट कोव्ह गावातल्या मृत्यूंवरून लोक आजही विनोद करतात. नायिका रात्री एकटीच खुन्याच्या घरी का जाते, तेही विचारू नका. पोलीस दर वेळी चुकीच्याच माणसाला पकडतात, त्याला इलाज नाही. कथेच्या आवारात शिरताना एवढं भाडं द्यायचं.

संपलं की पुस्तक लगेच ठेवून देऊ नका. पहिला खून होईपर्यंतची पानं पुन्हा वाचा, अर्धा तास लागतो. खुनी माहीत असताना त्याची वाक्यं निराळी ऐकू येतात. चांगल्या लेखिकेने त्याला एकदाही खोटं बोलायला लावलेलं नसतं, आपणच त्याच्या बोलण्याचा सोयीचा अर्थ लावलेला असतो.

दुसरं कुणी बरोबर असेल तर थांबायच्या रात्री आपापल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि चिठ्ठ्या बदलून ठेवायच्या. नंतर ‘मला तेव्हाच वाटलं होतं’ म्हणायची सोय राहत नाही. काल आम्ही तिथेच थांबलो. मी वाद्यं दुरुस्त करणाऱ्याचं नाव लिहिलं आहे, रकान्यात त्याच्या नावापुढे तीन खुणा आहेत. आईंची चिठ्ठी माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. मी ती अजून उघडलेली नाही, पण उजेडासमोर धरून पाहिली. नाव लांबलचक आहे, आणि वाद्यंवाल्याचं तर दोनच अक्षरांचं.