आधी पाणी, मग विस्तव: मेळघाटात फॉरेस्टच्या जुन्या बंगल्यात राहायचं तर

माझे वडील मेळघाटात वनरक्षक होते. त्यामुळे फॉरेस्टचे बंगले मी लहानपणी पाहिले ते मागच्या बाजूनं. पुढचा व्हरांडा साहेबांचा. आम्ही पोरं खानसाम्याच्या चुलीपाशी, नाहीतर पाण्याच्या टाकीवर. आता रिटायर झाल्यावर मी रीतसर बुकिंग करून पुढच्या दारानं जाते, पण गाडीतून उतरले की पहिली चक्कर अजूनही मागच्या बाजूलाच मारते. तुम्हीही तेच करा. बंगला कसा आहे ते पुढून कळत नाही.

त्याचं कारण साधं आहे. 1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. त्यांना मेळघाटातलं सागवान हवं होतं. सागवानासाठी साहेब, साहेबासाठी घोडा, आणि घोड्याची दिवसाची मजल संपेल तिथं मुक्कामाला बंगला, असा सगळा मामला. त्या एका साहेबामागं पाणी भरणारा, दिवाबत्ती करणारा, खानसामा, घोडा सांभाळणारा मोतद्दार, झाडूवाला अशी आठ-दहा माणसं राबायची. आज तुम्ही खोली बुक करता ती साहेबाची. ती आठ-दहा माणसं मात्र बुकिंगमध्ये येत नाहीत. असतो एक चौकीदार, आणि त्याच्याही मागं रेंजची शंभर कामं. म्हणजे पाणी, दिवा, विस्तव, कड्या-कोयंडे ही कामं तुमच्याकडं आली. ती जमली तर बंगल्यासारखं सुख नाही. नाही जमली तर रात्रभर डास मारत बसाल आणि परत आल्यावर "काही सोयच नव्हती" म्हणून सांगत सुटाल.

निघण्यापूर्वी

बुकिंग बहुतेक ठिकाणी ऑनलाइन होतं. काही जुने बंगले मात्र फक्त खात्याच्या माणसांसाठी ठेवलेले असतात, त्यांच्यासाठी वरून परवानगी लागते. पावती कागदावर छापून घ्या, मोबाइलमधली आत उघडत नाही. आदल्या दिवशी फोनही करा. एका जंगलात (कुठलं ते सांगत नाही) रात्री आठ वाजता "साहेब येऊन राहिले" म्हणून आमचं बिऱ्हाड उचलून डॉर्मिटरीत टाकलं होतं. त्या दिवशी हातात छापील पावती असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

सामान घाटाखालच्या परतवाडा गावातच भरा. पेट्रोल, रोख पैसे, औषधं, पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन. तिथून घटांगचा घाट चढून सेमाडोहकडं निघालात की मग दुकान म्हणजे बिस्किटं आणि साबण. स्वयंपाकाचा शिधा आपलाच न्यावा: तुरीची डाळ, तांदूळ, कणीक, आलू, कांदे, वांगी, तेल आणि सांबार. हो, सांबार. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. माझ्या पुतणीचा नवरा पुण्याचा. मी व्हरांड्यातून चौकीदाराला "भाऊ, सांबार ताजा आहे ना?" असं विचारलं, तर हा पठ्ठ्या दुर्बीण घेऊन कठड्याशी धावला.

कधी जावं? पहिल्यांदा जात असाल तर डिसेंबर-जानेवारी. थंडी कडक असते, पण घर कसं चालतं ते शिकायला तेच दिवस बरे. मला स्वतःला मार्चचा शेवट आवडतो. साग उघडाबोडका झालेला, त्यामुळे लांबवर दिसतं. मोहाचा सडा पडतो आणि त्याच्या वासानं अस्वलं खाली उतरतात. दुपारी मात्र भाजून निघाल. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातल्या सफारी बंद असतात आणि नाले कधी रस्ता अडवतील त्याचा नेम नसतो, तेव्हा तो विचार सोडा.

पोचल्यावरचा पहिला तास

काहीही झालं तरी चार वाजेपर्यंत पोचा. उजेड आहे तोवर जे पाहून ठेवाल तेच रात्री अंधारात सापडेल.

चौकीदाराशी आधी दोन शब्द नीट बोला. बहुतेक कोरकू असतात. घरात त्यांची भाषा वेगळी, आपल्याशी मराठी-हिंदीचं मिश्रण. ती भाषा मराठीच्याही कुळातली नाही आणि गोंडीच्याही नाही, मुंडारी-संथाळीच्या कुळातली आहे. पाण्याला डा, वाघाला कुला. जंगलात वाघाचा विषय निघाला की म्हातारी माणसं "कुला मामा" म्हणतात, म्हणजे नातंही राहतं आणि अंतरही. इथल्या सिपना नदीचं नावही कोरकूच, सिपना म्हणजे साग. एवढं जरी ठाऊक असलं तरी चौकीदार जरा मोकळा होतो, आणि मग कुठली कडी लागत नाही, कुठल्या पलंगाची पट्टी सैल आहे, हे आपणहून सांगतो. ही माहिती कुठल्याही वेबसाइटवर नसते.

मग मोरी बघा. जुन्या बंगल्यातल्या न्हाणीघराला बाहेरून एक वेगळं दार असतं. पाणी भरणाऱ्यानं साहेबाच्या खोलीतून जाऊ नये म्हणून ते काढलेलं. पाहुणे पुढचं दार तीन-तीनदा तपासतात आणि हे उघडं ठेवून झोपतात. त्याची कडी स्वतः लावा. मोरीच्या भोकाला जाळी नसेल तर विटेचा तुकडा ठेवा. मण्यार रात्रीची फिरते आणि अशाच वाटेनं आत येते. म्हणून कितीही पाहुणे असले तरी जमिनीवर गादी टाकायची नाही. मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचायची. ती डासांसाठी आहेच, मेळघाटात मलेरियाचं नाव निघालं की अजून कुणी हसत नाही. पण खोचलेली मच्छरदाणी बाकीच्या पाहुण्यांनाही अडवते. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका, विंचवाला बुटाची ऊब फार आवडते.

बंब

याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझी फजिती याच्यावरच झाली.

गरम पाण्याला मागच्या पडवीत तांब्याचा बंब असतो. मधोमध उभी नळी, नळीत विस्तव, नळीभोवती पाणी. मी पहिल्यांदा स्वतःच्या बुकिंगवर गेले तेव्हा पहाटे पाचला उठले, वनरक्षकाची पोर म्हणून तोऱ्यात काटक्या पेटवल्या आणि चहा ठेवायला गेले. पाच-सात मिनिटांत पडवीतून कुणीतरी चिमटा आपटल्यासारखा तड् आवाज आला. बंब रिकामा होता. बुडाचा डाग वितळून सांधा सुटला होता. म्हाताऱ्या चौकीदारानं येऊन राखेत वाकून पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "बाई, पहले पानी, फिर आग." तो बंब मी गाडीत घालून परतवाड्याला नेला, डाग देऊन आणला. डाग देणाऱ्यानंही तेच वाक्य ऐकवलं, वर पैसे घेतले.

तर आधी तोटी उघडून पाणी येतं का बघायचं. नसेल तर वरच्या वाटीतून ओतत राहायचं, तोटीतून धार लागली की बंब भरला. मग नळीत खाली कागद, त्यावर बारीक काटक्या, मग बोटभर जाडीच्या ढलप्या. भसाभस लाकूड कोंबलं तर नुसता धूर होतो. पाणी तापलं की बादली भरून घ्यायची आणि जेवढं काढलं तेवढं गार पाणी लगेच वरून ओतायचं. असं केलं की एका विस्तवावर चार माणसांच्या आंघोळी होतात. सरपण चौकीदाराकडून विकत घ्या. जंगलात पडलेली काडीही आपण उचलायची नाही, तो कायद्यानं गुन्हा आहे. राख पाणी मारून, हात लावून गार झाल्याची खात्री करूनच टाका. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत सगळं खातं जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) राखत वणव्यामागं धावत असतं. अशा वेळी तुमची एक ठिणगीही पुष्कळ झाली.

खोलीत भिंतीतली शेकोटी असेल तर ती विचारल्याशिवाय पेटवू नका. धुराडी वर्षानुवर्षं झाडलेली नसतात, पाखरांची घरटी आणि क्वचित मधमाश्यांचं पोळंही असतं. आणि थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दारं लावून झोपणं तर अजिबात नको. कोळशाचा वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. दोन रजया जास्त न्या.

घर गार कसं राहतं

हातभर रुंदीच्या दगडी भिंती, उंच छत, सागाचे वासे, वर कवेलू (म्हणजे कौलं), सभोवती व्हरांडा. पंखा नव्हता तेव्हा हे घर गार राहायचं, पण आपोआप नाही. उन्हाळ्यात पहाटे पाचला सगळी दारं-खिडक्या उघडायच्या. छताजवळ झरोके असतात, त्यांना दोऱ्या लोंबत असतात. त्या ओढून झरोकेही उघडायचे, म्हणजे वर साठलेली गरम हवा निघून जाते. आठ वाजले की सगळं बंद, पडदे खाली. रात्रभर गार झालेल्या भिंती संध्याकाळपर्यंत पुरतात. लोक नेमकं उलटं करतात, भर दुपारी "हवा येऊ द्या" म्हणून खिडक्या उघडतात आणि भट्टी आत घेतात. जाळी नसलेली खिडकी मात्र माणूस खोलीत असतानाच उघडी ठेवा. वानरं टपलेलीच असतात. आमची केळी गेली ती गेलीच, जाताना दोन कवेलूही फुटले.

स्वयंपाकघर बंगल्यापासून वेगळं, जरा लांब असतं. आगीच्या भीतीनं तसं बांधलेलं. शिधा पोचल्या पोचल्या खानसाम्याच्या हवाली करा, रात्रीचं दुपारीच सांगा आणि साधं सांगा. वरण, भात, वांग्याची भाजी. पनीरची फर्माईश करणाऱ्यांना काय म्हणावं? तो सांगेल ते पैसे द्या, घासाघीस करू नका. खरकटं रात्री बाहेर ठेवू नका.

रात्र

वीज असते-नसते, सोलरवर फार विसंबू नका. बॅटरी पिवळ्या उजेडाची घ्या, पांढऱ्या दिव्यावर किडे तुटून पडतात. आणि दिवा स्वतःजवळ ठेवायचाच नाही. व्हरांड्याच्या लांबच्या टोकाला ठेवायचा, किडे तिकडं, आपण इकडं अंधारात आरामखुर्चीत. ही वडिलांची युक्ती. जेवणानंतर "जरा शतपावली" म्हणून आवारात उतरायचं नाही. व्हरांड्याची पायरी ही हद्द समजा.

पहिल्या रात्री आवाजांनी झोप लागत नाही, म्हणून सांगून ठेवते. दिवे मालवल्यावर तासाभरानं छतातून कडाक् असा आवाज येतो, तो दिवसभर तापलेले वासे निवल्याचा. टुक टुक टुक असं कुणी एकाच लयीत ठोकत राहिलं तर तो रातवा पक्षी. कुत्र्यासारखं एकच भुंकणं थांबून थांबून आलं तर भेकर. आणि घंटेवर टोल पडावा तसा मोठा "ढांक" आला तर सांबर (हे चार पायांचं). त्यानं कुला मामा पाहिलेला असू शकतो. अशा वेळी बॅटरी मारू नका, गप्प बसून ऐका.

सकाळी चहाचा कप घेऊन उघड्याबोडक्या सागांकडं पाहत बसा. दिवसाउजेडी फांदीवर बसलेलं ठेंगणं, मोठ्या डोक्याचं घुबड दिसलं तर निरखून बघा. वन पिंगळा असेल. हा पक्षी शंभराहून जास्त वर्षं कुणाला सापडला नव्हता. 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि नंतर मेळघाटातही. मला सात वर्षांत दोनदा दिसला, दोन्ही वेळा चष्मा आत राहिला होता.

निघताना

बंब भरून ठेवा, पेटवलेला नसला तरी. मोरीचं मागचं दार लावलंय ना ते पाहा. प्लास्टिक सगळं गाडीत घालून परत न्या.

मग चौकीदार नोंदवही पुढं करतो. त्यात लोक "निसर्गाच्या कुशीत स्वर्गसुख" असं लिहितात आणि खाली सही करतात. तुम्ही कामाचं लिहा, साहेब पाहणीला आले की तीच वही वाचतात. मागच्या खेपेला मी लिहिलं: पूर्वेच्या खोलीत दारापासून तिसऱ्या वाशाखाली गळतं, चार कवेलू बदलावे. न्हाणीघराच्या बाहेरच्या दाराचा कोयंडा सैल आहे. बंब उत्तम.