कॅरीमॅट घेताना जाडीच्या आधी फोम बघा

डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगडाच्या गुहेत मुक्कामाला थंडी वाजते ती बहुतेकदा खालून. स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग अंगाच्या वजनाने दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि कातळ रात्रभर अंगातली ऊब ओढत राहतो. बॅग कितीही महागाची असली तरी याला तिच्याकडे उत्तर नाही. ते काम कॅरीमॅटचं, म्हणजे बॅगखाली अंथरायच्या फोमच्या मॅटचं. म्हणून मॅट निवडताना ती किती मऊ आहे याआधी ती किती हवा धरून ठेवते आणि किती दिवस धरून ठेवते, हे बघायचं.

हवा धरून ठेवतो तो बंद पेशींचा फोम. यात प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र बंद असतो, त्यामुळे तो पाणी पीत नाही आणि चटकन दबतही नाही. गादीचा स्पंज उघड्या पेशींचा. तो ओला झाला की वाळायला दिवस घेतो. तो मुक्कामाला नेऊच नये.

बंद पेशींच्या फोमचे बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पांढरा, हलका, दाबला की करकरणारा ईपीई, म्हणजे टीव्हीच्या खोक्यात येतो तोच. स्वस्त असतो, पण त्याच्या पेशी मोठ्या आणि भिंती पातळ. कंबरेखालचा भाग थोड्याच मुक्कामांत कागदासारखा बसतो. दुसरा एक्सपीई. याच्या पेशी बारीक, पृष्ठभाग गुळगुळीत. वजन आणि टिकाऊपणा यांचा मेळ इथे सर्वात चांगला जमतो. तिसरा ईव्हीए. तो जास्त लवचीक आणि थंडीतही नरम राहतो, पण सहसा वजनाला जरा जड.

लेबलवर प्रकार लिहिलेला नसतो किंवा चुकीचा असतो, तेव्हा दुकानातच तपासा. अंगठ्याने दहा सेकंद जोरात दाबा आणि सोडा. खड्डा लगेच भरला पाहिजे. थोड्या वेळाने फिकट खूण राहिली तर चालेल, खळगा राहिला तर नको. मग एक कोपरा पूर्ण दुमडून चिमटा. घडीवर पांढरी रेघ उमटून तशीच राहिली तर पेशी फुटल्या असं समजा.

सर्वात खात्रीची परीक्षा वजनाची. १८० × ५० सेंटीमीटरची, १ सेंटीमीटर जाडीची सपाट मॅट म्हणजे ९ लिटर फोम. पट्टे काढून वजन करा आणि ग्रॅमला लिटरने भागा. २७० ग्रॅम भरली तर घनता ३०, आणि ती ठीक आहे. आकडा २५ च्या खाली आला तर मॅट लवकर बसेल. जाडी मात्र स्वतः पट्टीने मोजा. १० मिमी लिहिलेली मॅट ८ मिमी निघाली तर सगळा हिशेब बदलतो. खळगे-उंचवटे असलेल्या घडीच्या मॅटला हे गणित लागू पडत नाही, कारण तिच्या जाडीत बरीच मोकळी जागा धरलेली असते.

उबेचा आकडा म्हणजे आर-व्हॅल्यू; जितका मोठा, तितकी मॅट उबदार. तो मोजण्याची एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची एफ३३४० ही पद्धत २०१८ साली आली. त्या पद्धतीने मोजलेले आकडेच एकमेकांशी ताडून बघता येतात. साध्या १० मिमी सपाट फोमची आर-व्हॅल्यू साधारण १ ते दीड, २ सेंटीमीटरच्या चांगल्या घडीच्या मॅटची २ च्या आसपास. सह्याद्रीतल्या हिवाळी मुक्कामाला यातली कुठलीही पुरते. कातळावर झोपायचं असेल तर २ कडे झुका. उत्तराखंडातल्या केदारकंठासारख्या हिवाळी ट्रेकला बर्फावर ४ च्या वर हवी, आणि ती एका फोम मॅटकडून होत नाही. आर-व्हॅल्यूची बेरीज होते, हे इथे कामाला येतं: २ ची फोम मॅट खाली, ३ ची हवेची मॅट वर, मिळून ५. खालचा फोम हवेच्या मॅटला काट्यांपासूनही वाचवतो.

सह्याद्रीत नुसती हवेची मॅट नेणं आम्हाला पटत नाही. करवंदीचा एक काटा टेंटच्या तळातून वर आला की रात्र जमिनीवर. फोमला भोक पडलं तरी तो तितकाच उबदार राहतो. योगा मॅटही पर्याय नाही: ती पाय घसरू नये म्हणून घट्ट बनवतात, त्यामुळे वजनाच्या मानाने ऊब फार कमी.

एका बाजूला चंदेरी थर असेल तर ती बाजू अंगाकडे ठेवा. जमिनीला टेकवलेला चंदेरी थर काही परत पाठवत नाही, फक्त घासून निघतो.

लांबी उंचीएवढी हवीच असं नाही. वजन कमी करायचं तर खांद्यापासून गुडघ्यापर्यंत १२० सेंटीमीटर पुरते; पायाखाली रिकामी सॅक घाला. बर्फावर मात्र पूर्ण लांबीच घ्या. कापताना धारदार कटर आणि लोखंडी पट्टी वापरा, कोपरे गोल करा, कारण फाटायला सुरुवात टोकदार कोपऱ्यापासून होते. उरलेला तुकडा बसायला ठेवा. कुशीवर झोपणाऱ्यांना १० मिमीवर कंबर आणि खांदा टेकतो. त्यांनी २ सेंटीमीटरचीच घ्यावी.

गुंडाळी सॅकला आडवी बांधली की ती दोन्ही बाजूंनी बाहेर येते. रतनगडाच्या शिड्यांवर किंवा नळीच्या वाटेसारख्या अरुंद घळीत ती कठड्याला, कातळाला अडकते आणि तोल जातो. उभी बांधा, किंवा सॅकच्या आत नळकांड्यासारखी उघडून मध्ये सामान भरा. पावसाळ्यात हे आतलं भरणंच बरं. फोम पाणी पीत नाही, पण चिखल झोपायच्या जागी येतो.

शेकोटीपासून लांब ठेवा. ठिणगीने भोक पडतं आणि नुसत्या धगीनेही फोम आकसतो. उन्हात बंद गाडीत ठेवू नका. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा आणि पलंगाखाली सपाट किंवा सैल गुंडाळून ठेवा. वर्षभर करकचून बांधलेली मॅट तिथेच बसते. ईव्हीए फाटला तर रबराच्या चपला चिकटवायच्या सोल्युशनने जोडता येतो: दोन्ही कडांना लावा, दहा मिनिटं सुकू द्या, मग दाबा. ईपीई आणि एक्सपीईवर ते नीट धरत नाही. तिथे दोन्ही बाजूंनी रुंद डक्ट टेप लावा. कंबरेखालची जाडी कडेच्या निम्म्यावर आली की ती मॅट बसायच्या तुकड्यांसाठी कापा आणि नवी घ्या.