निवृत्तिखात्यातून अडचणीत काढलेली रक्कम परत कशी भरावी आणि कर-विवरणपत्र कधी सुधारावे

अमेरिकेतील ४०१(के) (नोकरीतील कंपनीची निवृत्तियोजना) किंवा आयआरए (स्वतः उघडलेले वैयक्तिक निवृत्तिखाते) या खात्यातून अडचणीच्या वेळी काढलेली रक्कम काही प्रकारांत परत भरता येते आणि तिच्यावर भरलेला प्राप्तिकरही परत मिळवता येतो. मात्र ही सवलत सरसकट नाही, म्हणून कोणताही फॉर्म हाती घेण्याआधी रक्कम कोणत्या तरतुदीखाली निघाली होती हे पाहावे. संघीय सरकारने घोषित केलेल्या आपत्तीत नुकसान झाल्यामुळे काढलेली रक्कम (एका आपत्तीसाठी कमाल २२,००० डॉलर), अपत्यजन्म किंवा दत्तकविधानासाठी काढलेले ५,००० डॉलरपर्यंतचे पैसे आणि २०२४पासून मिळू लागलेली वर्षातून एकदाची १,००० डॉलरपर्यंतची तातडीची रक्कम, या तिन्हींना परतफेडीसाठी तीन वर्षे मिळतात आणि मुदतपूर्व रक्कम काढल्याचा १० टक्के जादा करही लागत नाही. ४०१(के)मधून ‘हार्डशिप’ (तीव्र आर्थिक अडचण) या नावाने काढलेले पैसे मात्र परत भरता येत नाहीत. ती वाट बंदच आहे. खात्यावर काढलेले कर्ज हा पूर्ण वेगळा विषय असून त्याचे हप्ते वेळेवर फेडणाऱ्याला विवरणपत्र सुधारण्याचा प्रश्नच येत नाही. भारतातील भविष्य निर्वाह निधीतून करोनाकाळात मिळालेला अग्रिम परत न करण्याचा होता, त्यामुळे तो अनुभव इथे लावू नये.

तीन वर्षांची मुदत रक्कम हाती आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजली जाते, कर-वर्षापासून नव्हे. परतफेड एकरकमी किंवा टप्प्याटप्प्याने, पूर्ण किंवा अंशतः करता येते. परंतु जितकी काढली त्याहून अधिक भरता येत नाही, म्हणजे मधल्या काळात बुडालेली वाढ भरून काढण्याची सोय नाही. इथे एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. २१,००० डॉलर काढताना १० टक्के कर कापला गेला असेल, तर हाती १८,९०० डॉलर आले; तरीही पूर्ण परतफेड म्हणजे २१,००० डॉलरच, आणि वरचे २,१०० डॉलर पदरचे घालावे लागतात. कापलेला कर फॉर्म १०९९-आरच्या (खात्यातून काढलेल्या रकमेचे संस्थेकडून येणारे पत्रक) चौथ्या रकान्यात दिसतो आणि त्याचे श्रेय त्या वर्षीच्या विवरणपत्रात वेगळे मिळते.

पैसे जुन्याच खात्यात भरावे लागतात असे नाही. जुन्या कंपनीची योजना ते घेत नसेल, तर आयआरएत भरता येतात. खाते सांभाळणाऱ्या संस्थेला ‘ही वार्षिक भरणा नसून आपत्तीत काढलेल्या रकमेची परतफेड आहे’ असे लेखी सांगावे आणि तिचा परतफेडीचा अर्ज असल्यास तोच वापरावा. नोंद चुकून साध्या भरण्याची झाली, तर आयआरएची वार्षिक मर्यादा (२०२४ आणि २०२५साठी ५० वर्षांखालील व्यक्तींना ७,००० डॉलर) ओलांडली जाते आणि जादा रकमेवर दरवर्षी ६ टक्के दंडात्मक कर लागू शकतो. नोंद बरोबर असल्याचा पुरावा फॉर्म ५४९८च्या (आयआरएत भरलेल्या रकमांचे संस्थेकडून येणारे पत्रक) चौदाव्या रकान्यात मिळतो, पण तो फॉर्म सहसा मे महिन्यात, म्हणजे विवरणपत्राची मुदत उलटल्यावर येतो. म्हणून भरणा केल्याची पावती आणि खातेउतारा आधीच जपून ठेवावा.

आता विवरणपत्राकडे वळू. आपत्तीच्या रकमेसाठी फॉर्म ८९१५-एफ वापरला जातो. वेगळा पर्याय निवडला नसेल, तर ती रक्कम तीन वर्षांच्या उत्पन्नात समान विभागली जाते. समजा, सप्टेंबर २०२४च्या हेलेन चक्रीवादळात नॉर्थ कॅरोलायनातील एका कुटुंबाच्या घराचे नुकसान झाले आणि त्यांनी नोव्हेंबरमध्ये २१,००० डॉलर काढले. २०२४, २०२५ आणि २०२६ या प्रत्येक वर्षाच्या उत्पन्नात ७,००० डॉलर धरले जातील. २०२४चे विवरणपत्र भरून झाल्यावर, डिसेंबर २०२५मध्ये, त्यांनी १०,००० डॉलर परत भरले, तर २०२५च्या वाट्याचे ७,००० डॉलर शून्यावर येतात आणि त्यासाठी काहीही सुधारावे लागत नाही. उरलेले ३,००० डॉलर एकतर २०२६कडे पुढे न्यावेत, किंवा २०२४कडे मागे नेऊन त्या वर्षाचे विवरणपत्र सुधारावे. पुढे नेणे कमी कटकटीचे असते आणि दोन्ही वर्षांचा कराचा दर सारखाच असेल, तर तेच करावे असे माझे मत आहे. २०२४चे उत्पन्न कराच्या वरच्या टप्प्यात गेले असेल किंवा २०२६मध्ये उत्पन्न बरेच घटणार असेल, तर मागे नेण्यात फायदा आहे.

सगळी रक्कम पहिल्याच वर्षी उत्पन्नात दाखवण्याचा पर्याय ज्यांनी निवडला, त्यांना तो मुदतवाढीसह विवरणपत्राची मुदत संपल्यावर बदलता येत नाही. नंतर परतफेड केल्यास त्या पहिल्या वर्षाचे विवरणपत्रच सुधारावे लागते. विवरणपत्र भरून झाल्यावर अपत्यजन्माची किंवा १,००० डॉलरची तातडीची रक्कम परत करणाऱ्यांनाही हेच करावे लागते, कारण या रकमा तीन वर्षांत विभागल्या जात नाहीत.

सुधारणेसाठी फॉर्म १०४०-एक्स असतो, प्रत्येक वर्षाचा वेगळा. त्यात पहिल्या रकान्यात मूळ आकडा, दुसऱ्यात फरक आणि तिसऱ्यात योग्य आकडा लिहायचा असतो. सोबत त्या वर्षाचा सुधारित ८९१५-एफ (लागू असल्यास) जोडावा आणि स्पष्टीकरणाच्या जागेत रक्कम कधी काढली, कधी व किती परत भरली आणि करपात्र रक्कम किती घटली, एवढेच तीन-चार वाक्यांत लिहावे. एकूण उत्पन्न बदलले की त्यावर अवलंबून असलेल्या सवलतीही बदलतात, म्हणून संपूर्ण विवरणपत्राची पुन्हा आकडेमोड करावी. मूळ विवरणपत्राचा परतावा यायचा असेल, तर तो येईपर्यंत थांबावे. कराच्या परताव्याची मागणी सामान्यतः मूळ विवरणपत्र भरल्यापासून तीन वर्षे किंवा कर भरल्यापासून दोन वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत करता येते. परतफेड अगदी शेवटच्या महिन्यांत केली, तर या मागणीसाठी फार थोडा अवधी उरतो. अर्जाच्या छाननीला ८ ते १२ आठवडे, कधी १६ आठवडेही लागतात.

राज्याचे विवरणपत्र यात विसरले जाते. वरच्या उदाहरणात २०२४चे संघीय विवरणपत्र सुधारले, तर नॉर्थ कॅरोलायनाचा डी-४०० फॉर्मही ‘शेड्यूल एएम’ जोडून सुधारावा लागेल. फ्लोरिडा किंवा टेक्ससमध्ये राहणाऱ्यांना राज्याचा प्राप्तिकरच नसल्यामुळे हे काम उरत नाही.