धोबी येण्याआधी तळ्यावर जा

पाहुणे पक्षी आल्यावर मोजायला जाऊ, असं ठरवू नका. ते नसतानाच जायला लागा. आमच्या निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात थंडी पडली की दुर्बिणींची गर्दी होते, पण तुताऱ्या आणि धोबी हे पाणथळीचे पाहुणे पक्षी त्याच्या कितीतरी आधी उतरायला लागलेले असतात. म्हणून ऑगस्टपासूनच दर रविवारी गावचा पाझर तलाव गाठा. ‘आज धोबी नाही’ अशा नोंदी हाताशी असतील, तरच तो कधी आला हे सांगता येतं.

वाट आणि वेळ बदलू नका. मी उजाडलं की बांधाच्या पूर्वेकडच्या टोकापासून निघते, म्हणजे ऊन पाठीवर राहतं. निदान १५ मिनिटं थांबा आणि दिसलेला, ऐकलेला प्रत्येक पक्षी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर लिहा. कावळा आणि साळुंकीसुद्धा! शेवटी ॲप विचारतं, ओळखू आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? तिथे खरेपणाने ‘हो’ म्हणता आलं पाहिजे. त्या ‘हो’मुळेच यादीत नसलेला पक्षी त्या दिवशी आढळला नाही, असं अभ्यासकांना धरता येतं.

धोब्यापाशी मात्र घाई नको. काळं डोकं, काळी पाठ आणि ठसठशीत पांढरी भुवई असलेला धोबी बारा महिने इथलाच. हिवाळी पांढऱ्या धोब्याचा चेहरा पांढरा, पाठ राखाडी. या दोघांत गल्लत झाली की आगमनाची तारीखच चुकते. तुताऱ्यांचंही तसंच. उडताना पंखांची खालची बाजू काळपट दिसली तर हिरवी तुतारी, फिकट दिसली तर ठिपकेवाली. काहीच दिसलं नाही तर नुसतं ‘तुतारी’ लिहा. अंदाजाने नाव ठोकण्यापेक्षा ते कधीही बरं.

ऑक्टोबरच्या अखेरीस बदकांचे थवे येऊ लागले की एकेक मोजणं जमत नाही. आधी १० चक्रांग बदकं नीट मोजा, तेवढा पुंजका नजरेत धरा आणि थव्यात असे किती पुंजके बसतात ते पाहा. दोनदा करा. ‘भरपूर’ लिहू नका, आकडाच लिहा. थवा उडवून मोजायचा मोह तर अजिबात नको, लांबून आलेल्या पाखरांना आधी चरू द्या.

यादी घरी पोचायच्या आत, बांधावरच पूर्ण करा.