शनिवार-रविवार टीव्हीवर फुटबॉल बघताय? मग या चुका टाळा

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका अर्जेंटिनाचे फॅन. 18 डिसेंबर 2022, रविवार, वर्ल्ड कपची फायनल, समोर फ्रान्स. एरवी ज्या घरात क्रिकेटसुद्धा लागत नाही तिथेपण त्या रात्री साडेआठला टीव्ही फुटबॉलवर, अख्खी ठाण्याच्या मानपाड्याची सोसायटी जागी. काकांकडे डिशची छत्री आणि सेट टॉप बॉक्स, आमच्याकडे वायफायवर ॲप. मॅच गेली पेनल्टीला, आणि आमच्या टीव्हीवर फ्रान्सचा कोमान अजून बॉल ठेवतोय तोवर खालून टाळ्या! अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्तिनेझ अडवणार हे आम्हाला अर्धा मिनिट आधीच कळलं. चुआमेनीने बाहेर मारली तीपण खालूनच कळली, आणि मोंटिएल शेवटची मारायला आला तोपर्यंत काका जिन्यात येऊन नाचत होते. आम्ही वर पाच जण, फुटलेला पेपर सोडवत बसलोय.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, ॲपवर लाईव्ह लिहिलंय म्हणजे लाईव्ह आहे असं समजायचं. ॲपवर व्हिडिओचे काही काही सेकंदांचे तुकडे होऊन येतात, आपला प्लेयर त्यातले थोडे आधी साठवतो आणि मग दाखवतो, त्यामुळे छत्रीवाल्यापेक्षा 30-40 सेकंद मागे राहणं अगदी नॉर्मल. छत्रीपण थोडी मागेच असते म्हणा, पण इतकी नाही. आणि मध्ये पाणी प्यायला उठलात, पॉज केलं, किंवा स्क्रीनवर ते लोडिंगचं चक्र फिरत बसलं, की तो गॅप वाढतच जातो आणि आपल्याला पत्ता नसतो. अशा वेळी कोपऱ्यातलं लाईव्हचं बटण दाबा, नसेल तर ॲप पूर्ण बंद करून परत उघडा. बाकी गॅप जाणार नाही, तो गृहीत धरूनच बसायचं. स्कोअरवाल्या ॲपची नोटिफिकेशन बंद, मित्रांचा ग्रुप म्यूट, मोबाईल उलटा. ऐरोलीचा माझा एक मित्र गोल झाला की नुसतं "आईशप्पथ" टाकतो, त्या एका शब्दाने माझ्या किती मॅच खाल्ल्यात विचारू नका.

मॅच मध्येच अडकत असेल तर लगेच इंटरनेटचा प्लॅन वाढवायला धावू नका. एचडीला 8-10 एमबीपीएस नीट मिळालं तरी भागतं, भानगड बहुतेक वेळा घरातच असते. राऊटर बेडरूममध्ये कपाटावर, टीव्ही हॉलमध्ये, मध्ये दोन भिंती, आणि सोसायटीत प्रत्येक फ्लॅटचा राऊटर वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ बँडवर भांडतोय. 5 गिगाहर्ट्झ लावलं तर वेग मिळतो पण भिंत ओलांडताना ते दमतं. मी शेवटी राऊटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅन केबल ओढली, दरवाजाच्या चौकटीवरून. बायको म्हणाली घर आहे की सायबर कॅफे, पण त्या दिवसापासून अडकणं बंद. राऊटरला छोटा यूपीएसपण लावून टाका, लाईट गेली की इन्व्हर्टरवर पंखा फिरतो आणि राऊटर आधी मरतो.

आता वेळेचा घोळ. इंग्लंडमध्ये वर्षातून दोनदा घड्याळं बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगची शनिवारची पहिली मॅच संध्याकाळी 5 ला, मग साडेसात, मग रात्री 10. दिवाळीच्या आसपास त्याच मॅच 6, साडेआठ आणि 11 ला सरकतात. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये कोणीतरी पाच वाजता वेफर्स फोडून बसतो आणि समोर एक तास एक्स्पर्ट लोकांची बडबड. (गंमत म्हणजे शनिवारी दुपारी 3 च्या मॅच खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवत नाहीत, लोक स्टेडियममध्ये जावेत म्हणून जुना नियम आहे. आपण ठाण्यात लुंगीवर बघतो.)

याहून वाईट चूक तारखेची. स्पेनची रात्री 9 ची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे दीडला, म्हणजे तिकडचा शनिवार तो आपला रविवार उजाडलेला असतो. मी एकदा एल क्लासिकोसाठी (रिअल माद्रिद विरुद्ध बार्सिलोना) रविवारी दुपारी मटण खाऊन मुद्दाम झोप काढली, रात्री सवाएकला फ्रेश होऊन बसलो, तर चॅनलवर हायलाइट्स. मॅच आदल्या रात्रीच झाली होती. कॅलेंडरमध्ये टाकताना भारतीय वेळेनेच टाका आणि वारपण लिहा, "शनिवार रात्र उजाडता रविवार" असं स्पष्ट.

सगळ्या मॅच बघायचा हट्ट नको. सहापासून दीडपर्यंत चार मॅच म्हणजे तिसरीत डोळे मिटणार आणि आपल्या टीमची नेमकी चौथी असणार. एक ठरवा, ती पूर्ण बघा, बाकीच्यांचे हायलाइट्स. घरच्यांनापण ती एकच वेळ आधी सांगून ठेवा, मग उपवन तलावावर जायचा प्लॅन त्या वेळेत येत नाही, आलाच तर निदान भांडायला पुरावा असतो.

नवीन मोठा टीव्ही घेतला आणि बॉलच्या मागे शेपूट दिसतंय? टीव्ही खराब नाहीये. सेटिंगमध्ये मोशन स्मूद करणारं एक ऑप्शन असतं, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं भारी नाव देते, ते कमी करा किंवा बंद करा. पॉवर सेव्हिंगपण बंद, नाहीतर रात्रीच्या मॅचला ग्राउंड शेवाळासारखं दिसतं. आणि एकदा बघा तुमच्या पॅकमध्ये तो चॅनल एचडी आहे की साधा, कारण दोन्हींचे नंबर वेगळे असतात आणि 55 इंचावर साधा लावून लोक टीव्हीला शिव्या घालतात.

छत्रीवाल्यांनी हसू नये. सीझन सुरू होतो ऑगस्टमध्ये आणि तेव्हा घोडबंदरला पाऊस कसा कोसळतो माहितीय ना. जोराच्या सरीत सिग्नल पाण्यातच विरतो, त्याला इलाज नाही, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, गच्चीवर भिजत जाऊन छत्री हलवायची तर अजिबात नाही. पाऊस थांबल्यावरही चित्र आलं नाही तरच केबलच्या टोकाला गंज किंवा पाणी आहे का बघा. कोरड्या दिवशी बॉक्सच्या मेनूमधला सिग्नलचा आकडा लिहून ठेवला असेल तर पावसाने गेला की छत्री सरकली हे लगेच कळतं.

आणि 90 मिनिटं झाली की रिमोट कोणाच्या हातात देऊ नका. 13 मे 2012, सीझनचा शेवटचा रविवार, मँचेस्टर सिटी घरच्या ग्राउंडवर क्यूपीआरशी (क्वीन्स पार्क रेंजर्स) 2-1 ने मागे. बाबांना बातम्या लावायच्या होत्या, मी म्हटलं घ्या, संपलंच आता. जेकोचा गोल, मग 93 मिनिटं 20 सेकंदांवर अग्वेरोचा, सिटीने 44 वर्षांनी लीग जिंकली, आणि आमच्याकडे हवामानाचा अंदाज चालू. बाबांना अजून वाटतं मी तेव्हा परीक्षेमुळे गप्प होतो.

खालच्या काकांशी आता तह झालाय. गोल झाला की ओरडायचं नाही, अर्धा मिनिट थांबायचं. ते पाळतातपण, शब्दाचे पक्के आहेत, ओरडत नाहीत. फक्त खोकतात.