सुई हेलकावतेय? आधी आर्म आणि कार्ट्रिजची जोडी तपासा

म्हापशातल्या आमच्या घरी खिडकीतल्या उन्हाने वाकलेली रेकॉर्ड प्लेअरची एक तबकडी आहे. नवं कार्ट्रिज (सुई धरणारा छोटा भाग) लावल्यावर ती वाजवली, तर सुई होडीसारखी डोलायची आणि स्पीकरचा मोठा पडदा आवाज नसतानाही आत-बाहेर व्हायचा. मी उगाच सुईचा भार वाढवत बसलो. खरा दोष जोडीत होता: जड आर्मवर (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यावर) फार लवचिक सुईचं कार्ट्रिज.

ही जोडी स्वतःहून किती हर्ट्झला डोलते, म्हणजे तिचा अनुनाद, याचा हिशेब सोपा आहे. आर्मचं प्रभावी वजन (हलताना सुईला जाणवणारं, माहितीपत्रकात दिलेलं), कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज करा. तिला कम्प्लायन्सने (कार्ट्रिजच्या माहितीपत्रकातला सुईच्या लवचिकतेचा आकडा, µm/mN मध्ये) गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. उत्तर ८ ते १२ हर्ट्झमध्ये हवं. एकूण १९ ग्रॅम आणि कम्प्लायन्स १२ असेल तर साधारण १०.५ येतं, उत्तम. तेच कम्प्लायन्स ३० असेल तर ६.७, म्हणजे वाकलेल्या तबकडीच्या हालचालीच्या फार जवळ.

एक सांभाळा: जपानी कंपन्या कम्प्लायन्स बहुधा १०० हर्ट्झवर मोजून देतात, आणि या हिशेबाला १० हर्ट्झच्या आसपासचा लागतो. तो आकडा दीडपट ते दुप्पट करूनच हिशेबात घ्या.

उत्तर कमी आलं तर हलका हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवायचा भाग) लावा, जास्त आलं तर जड. त्यानंतर काउंटरवेट (आर्मच्या मागचं तोलाचं वजन) आणि सुईचा भार नव्याने जुळवायला विसरू नका.